कंप्रेसरमधलं पाणी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा गाढवपणा सांगतानासुद्धा मला दमायला होतं.

पावसात विमानाच्या इंजिनात पाणी शिरलं, की आतल्या कंप्रेसरचा दम कसा कमी होतो, यावर मी चार वर्षं पीएचडी घासतोय. चार वर्षं! गावाकडं कोऱ्हाळ्यात आई अजून विचारते, "आरं, मग वरनं ताडपत्री टाकत न्हाईत व्हय?"

तर दुसऱ्या दिवशी हैदराबादला याच विषयावर मुलाखत. कायमची नोकरी! भिगवणहून दुपारची रेल्वे. ती चुकली की सगळं संपलं. आणि भिगवणच्या अलीकडं मोटारसायकल पंक्चर!

रस्त्याकडेला रशीदचाचांचं पंक्चरचं दुकान. त्यांनी ट्यूबला ठिगळ लावलं आणि हवेची नळी उचलली. फुर्र करून पाणीच उडालं.

"कंप्रेसरमदी पाणी झालंय," चाचा म्हणाले.

कंप्रेसर! पाणी! अहो, अंगातला थकवाच पळाला माझा.

"चाचा, तुम्ही टायर बसवा. हे माझ्याकडं लागलं. यातच डॉक्टर होतोय मी!"

पाना घेतला आणि कंप्रेसरचं डोकंच उघडायला बसलो.

चाचा टायरशी झटत ओरडले, "सायेब, पाणी सोडा की आदी!"

"पाणी कसं सोडू? सगळा विषयच पाण्याचा! थेंब आत जातो, पात्यांवर आपटतो..."

"ह्यात पाती न्हाईत. पिस्टन हाय."

"तत्त्व तेच!"

"आवो, पाणी सोडा म्हंतोय न्हवं!"

आता मात्र माझं टाळकं फिरलं. "चार वर्षं सगळे हेच सांगतायत मला! आई, मित्र, झाडून सगळे! नाही सोडणार!"

चाचा उठले. हात पुसले. टाकीखाली वाकून एक एवढीशी तोटी फिरवली. भळाभळा पाणी बाहेर!

"रोज सकाळी सोडतो. आज इसरलो," चाचा म्हणाले. मग माझ्यासमोर पसरलेल्या नटबोल्टांकडं बघत सुस्कारा टाकला. "हवा कवाच भरली असती वो. आता हे डोकं परत बसवायला तासभर तरी लागंल."

तेवढ्यात भिगवणकडून माझ्या रेल्वेचा भोंगा ऐकू आला.

चाचांनी तोटी बंद केली, चहा मागवला. मी नटबोल्ट गोळा करत बसलो.

शेवटी पाणी सोडलंच की मी. नोकरीवर!