अडकेकाकांची खुर्ची

अडकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं एका कंपनीतल्या पोरांनी, आणि गंमत म्हणजे काकांना ते आवडलं. उभा जन्म एकट्याने काम केलेल्या माणसाला कुणी लाडाने नाव ठेवलं तरी बरं वाटतं. काका दुकानदारांच्या मालाचे फोटो काढून द्यायचे. घरातल्या मागच्या खोलीत पांढरा पडदा लावून त्यापुढे खेळणी, चपला, कपबशा मांडायच्या आणि दिवसभर वाकून बसायचं. नोकरी नाही, साहेब नाही, शेजारच्या टेबलावरून टवाळी करणारं कुणी नाही. दुपारच्या चहाला सोबत कपबशांचीच, आणि त्याही लोकांच्या.

त्या कंपनीत एक ॲप बनत होतं, असा एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी. वेळ ठरवणं, गिऱ्हाइकांना उत्तरं देणं, आठवण करून देणं, सगळं ते आपोआप करणार. आणि वापरायला इतकं सोपं, की कुणी अडता कामा नये. म्हणून त्यांना हमखास अडणारा माणूस हवा होता. फोनशी छत्तीसचा आकडा असलेले काका त्यांना आयतेच सापडले.

काकांना खुर्चीत बसवायचं, हातात फोन द्यायचा आणि ते कुठे अडतात ते बघायचं, एवढंच काम. ॲपची आखणी करणारी मुलगी शेजारी बसायची. काका अडले की हसून म्हणायची, चूक तुमची नाही, आमची. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बायको म्हणायची, घरात टीव्ही लावता येत नाही आणि हे तिकडे अडाणीपणा विकून येतात. काकांनी मनावर घेतलं नाही. खिडकीजवळची खुर्ची, चहाला हाक, एखाद्या दिवशी गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी. या वयात माणसाला आणखी काय लागतं हो?

पण घोडं इथेच पेंड खात होतं. काका अडतील तिथे मुलगी दुरुस्ती करायची, आणि एके दिवशी काका कुठेच अडले नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र खुर्चीतून उठेनात. न अडणाऱ्या अडकेकाकांना कोण विचारतो?

मग त्यांनी सोंग सुरू केलं. शोभतं का हे? नाही शोभत. पण केलं. चष्मा पुसायचा, मान हलवायची, भलतंच बटण दाबायचं. मुलगी बिचारी डोकं धरून बसायची. शेवटी अडायला जागाच उरली नाही, तेव्हा काकांनी एक पाटी गाठली. ॲपमध्ये 'काम बंद' असं बटण होतं. ते दाबलं की सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप जायचा, की यांनी काम थांबवलंय, आणि सोबत त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कुणाचं नाव. पण निरोप जाण्याआधी पाटी यायची: 'नक्की ना? सगळ्यांना कळवलं जाईल.' काका तिथे ठाण मांडून बसले.

"हे मला का विचारतंय? थांबवायचंय म्हणूनच दाबलं ना मी?"

पाटी त्यांना लख्ख कळली होती. पण बोलणं बिनतोड निघालं. मुलीने ते बैठकीत सांगितलं, वरची मंडळी खूश झाली आणि पाटी गेली. काकांना खुर्ची आणखी थोडे दिवस मिळाली. पुढे ॲप बाजारात आलं, काकांना फुलांचा गुच्छ मिळाला, ॲप जन्मभर फुकट मिळालं, आणि खुर्ची सुटली.

बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी काका दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. काखेत तिची पिशवी, एका हातात तिचा चष्मा. खेळणीवाल्याचं काम तेवढं दोन दिवस पुढे ढकलायचं होतं. 'पुढे ढकला'च्या खालीच 'काम बंद'. अंगठा घसरला. ॲप बापडं कशाला विचारतंय? निरोप गेले सगळ्यांना, आणि शब्दही कसे, अगदी नम्र.

उत्तरंही तशीच गोड आली. आजवर छान काम केलंत, सुखात राहा. काका एकेकाला फोन करत सुटले. कुणी दुसऱ्याशी ठरवून मोकळा झाला होता, कुणी बघू म्हणाला. खेळणीवाल्याच्या पहिल्या लाकडी घोड्याचा फोटो काकांनीच काढलेला. तो मायेने म्हणाला, वयही झालंच की तुमचं.

काका तरातरा कंपनीत गेले, मुलीला फैलावर घ्यायचं ठरवूनच. तिने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरला.

"काका, ती पाटी मी तुमच्यासाठीच काढली ना."

काकांचा राग तिथल्या तिथे विझला. "कळली होती गं मला," ते म्हणाले. "इथे यायला मिळावं म्हणून अडत होतो."

मुलगी रागावली नाही, तेच जास्त लागलं. पाटी परत लावायला सांगते म्हणाली आणि आत गेली. काकांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई बसल्या होत्या, फोन हातात धरून, घामाघूम. त्यांनी हळूच विचारलं, "दादा, आता कुठे दाबू?"

काका वाकले आणि बोट पुढे केलं. तेवढ्यात मुलगी दारातून म्हणाली, "काका, सांगू नका त्यांना. अडू दे."

काकांनी बोट मागे घेतलं.