नाल्यात उतरलेला शेषा

ज्या डोंगरावर तुम्ही पोरं लढायला पाठवता, त्या डोंगरावर पाणी कुठे असते, हे त्यांना कोणी सांगितले होते का?

आम्हाला सांगितले नव्हते. नेम धरायला शिकवले, सलाम ठोकायला शिकवले. राज्य निजामाचे, लढाई इंग्रजांची आणि आमच्या सेक्शनमधली पोरं भूम-परंड्याची. मी भूमचा. लान्स नाईक शेषा सोनारीचा.

ब्रह्मदेशाच्या हद्दीवर आमच्या प्लाटूनला डोंगराची एक उंच धार राखायची होती. चढताना शेषा दिसेल त्या झाडाला हात लावायचा. पायथ्याला बांबू आणि रानकेळी, इतकी दाट की सूर्य दिसेना. मध्यावर पावलापावलाला वेगळे झाड, फांद्यांवर दुसरीच झाडे उगवलेली. त्याहून वर थंडी सुरू झाली आणि झाडांच्या जाती कमी होत गेल्या. माथ्यावर उरली ती बुटकी, वाकडी झाडे. खोडापासून शेंड्यापर्यंत हिरव्या शेवाळाने मढलेली.

"येरमाळ्याच्या घाटात उलटं हाय," शेषा म्हणाला. "खाली चिंचा, मधी धावडा, वर निस्ती कुसळं. हितं तर झाडांनी बी स्वेटर घातल्यात."

तीन दिवसांनी जपान्यांनी खालची वाट तोडली. पाणी आणणारी खेचरे येईनात. वायरलेसवर हवालदारसाहेब बोलले.

"पाणी संपलं. ओव्हर."

"उद्यापर्यंत थांबा. ओव्हर."

दोन जखमी होते. एकाची जीभ सुजली होती. शेषा उठला आणि पाण्याच्या रिकाम्या छागली खांद्याला लावू लागला.

"कुठं निघालास?"

"नाल्यात. पाणी खालीच आसतंय, साहेब. डोंगराच्या टकुऱ्यावर कुणाच्या बापानं हीर पाडली?"

"नाल्यात जपानी असतील."

"आसू द्या. त्यास्नी बी तहान लागतीच की."

आम्ही हसलो. कोणालाही त्याचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. आमच्या मुलखात तहानलेला माणूस चढत नाही, उतरतो. हवालदारसाहेबांनी जखमींकडे पाहिले आणि मान हलवली. सकाळ होती. शेषा एकटाच उतरला.

बऱ्याच वेळाने खालून मशीनगन वाजली. एकदा, मग पुन्हा. त्यानंतर काही नाही.

दुपारी ढग धारेवर चढला. मी खंदकाच्या कडेच्या झाडाला टेकलो, तर पाणी बाहीतून कोपरापर्यंत उतरले. शेवाळ मुठीत धरून पिळले. धार लागली. शेजारचे झाड पिळले, तेही तसेच. इतके दिवस आम्ही त्या पाण्याला पाठ लावून बसलो होतो.

मेसटिनचे डबे भरले. जखमींना पाजले. ते जगले. पाण्याला मातीची आणि सालीची चव होती.

वाट मोकळी झाल्यावर आम्ही नाल्यात उतरलो. शेषा सापडला नाही. दगडामागे एक छागल सापडली. भरलेली, तोंड बांधलेले. तो पाण्यापर्यंत पोचला होता.

सोनारीला सरकारी कागद गेला, 'बेपत्ता'. त्याची आई काळभैरवाच्या दारात बसते. बायको कुंकू लावते आणि कोणाच्या नजरेला नजर देत नाही. दिवस घालावेत की वाट पाहावी, घरात कोणी ठरवू शकत नाही. मी दोन्ही सरकारांच्या कचेऱ्यांत गेलो. निजामाच्या कचेरीत म्हणाले, तो इंग्रजांचा शिपाई. इंग्रजांच्या कचेरीत म्हणाले, प्रेत दाखवा. माणूस न्यायच्या वेळी मात्र कोणी विचारले नव्हते की हा कोणाचा.

त्याच्या आईला मी छागलीचे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "पानी प्याला आसंल का रं त्यो?"

त्या नाल्यातली प्रेते आम्ही पोचण्याआधीच कुठल्या तरी पलटणीने उचलली होती, असे नंतर कळले. तुमच्या गावात त्या मुलखातून परत आलेला शिपाई असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. त्याने शेषाला पाहिले असेल, तर त्याला सोनारीला घेऊन जा. जे पाहिले ते, कितीही वाईट असले तरी, त्याने त्या आईला तोंडाने सांगावे.