मामांचा पिवळा

पिवळा रंग हा माझ्या बायकोच्या मामांच्या खाजगी मालकीचा आहे. तशी कुठे नोंद नसेल, पण सांगलीच्या मार्केट यार्डात कुणालाही विचारा. मामांनी उभी हयात हळदीच्या अडतीत काढली. हळकुंड मोडायचं, आतला रंग उजेडाकडे धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. आता दुकान मुलाकडे गेलं, निकाल देणं मात्र मामांकडेच राहिलं. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली की खिशातलं हळकुंड काढून ते तिच्याशेजारी धरतात आणि "रंग घातलाय" असं शेजारच्या पाहुण्याला सांगून मग चवीनं खातात. आमच्या लग्नात माझ्या अंगाची हळद बघून माझ्या वडिलांशी ते पहिलं वाक्य बोलले ते असं : "पावणं, पोरगा चांगला हाय, हळद मातर भेसळीची हाय." हळद वडिलांनी स्वतः निवडून आणली होती. तेव्हापासून आमच्या घरची वर्षाची हळद सांगलीहून येते आणि वडील ती भाजीत पडली की मुद्दाम तोंड वाकडं करतात.

मी साताऱ्यात फोटो स्टुडिओ चालवतो. चालवतो म्हणजे पासपोर्टचे फोटो काढतो आणि लग्नसराईची वाट बघतो. घरात फोटोवाला जावई आल्यावर मामांनी आपली तक्रार माझ्यापुढे मांडली. फोनमध्ये हळद खोटी येते. "सकाळी काढली तर लिंबू, दुपारी काढली तर आमरस. हळद कुटं गेली, जावईबापू?" त्यांना खिशात मावणारा आणि खरं बोलणारा कॅमेरा हवा होता. मी गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी त्यांना सेन्सर समजावून सांगितला. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरवर बारीक बारीक चौकोन असतात, एकेक चौकोन एकच रंग बघतो, कुणी लाल, कुणी हिरवा, कुणी निळा, आणि उरलेले रंग शेजारच्या चौकोनांवरून अंदाजानं भरले जातात, एवढंच मी म्हणालो. मामांचा चहा बशीतच राहिला. "अंदाजानं? शेजाऱ्याला इचारून? आवं, असा सौदा केला असता तर मला यार्डातनं हाकलून दिलं असतं!"

मग दर महिन्या-दोन महिन्यांनी मामा एसटीनं साताऱ्याला येऊ लागले. पिशवीत हळकुंडं, खिशात भिंग. मी ओळखीपाळखीतून वेगळ्या धाटणीचे छोटे कॅमेरे मागवून ठेवायचो आणि मामा त्यांची सौद्यासारखी पारख करायचे. एकात रंगांचे चौकोन नेहमीपेक्षा निराळे मांडले होते. मामांनी तो तासाभरात परत केला. "ह्येनं नुसते शेजारी बदलल्यात. इचारायची सवय तीच." दुसरा विट्याच्या एका मित्राचा, सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानासाठी परमुलखात राहतो त्याचा. त्यात रंगाचे तीन थर एकाखाली एक, म्हणजे प्रत्येक ठिपका तिन्ही रंग स्वतःच बघणार, कुणाला विचारणार नाही. मामा खूश झाले. पण हा कॅमेरा एक फोटो काढून बराच वेळ विचारात पडायचा, बॅटरी घटकेत संपायची आणि ऊन कलल्यावर त्याला काही धड दिसायचं नाही. "नजर खरी, अंग आळशी," मामा म्हणाले आणि निर्णय पुढच्या खेपेवर ढकलला. तिसऱ्याला तर रंगच दिसत नव्हता. त्याचा सेन्सर फक्त उजेड-अंधार बघणारा, फोटो काळा-पांढरा. मामांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला. भेसळीची हळद ते अशीच सारतात.

अशातच मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मिरजेला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि परवानगी मिळताच मामा यार्डात गेले. तिथं त्यांनी गहजब केला. एका रात्रीत सगळ्या सांगलीची हळद फिकी झाली होती! त्यांनी स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही. शेवटी कुणीतरी एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्या डोळ्याला हळद पूर्वीसारखी, डाव्याला निराळी. मामा घरी येऊन जेवले. मामींच्या म्हणण्याप्रमाणे, जेवताना त्यांनी आमटीचाही रंग बघितला नाही.

तिथून त्यांनी उजव्या डोळ्याचं नावच काढू दिलं नाही. कॅमेरा ठरल्याशिवाय ऑपरेशन नाही. डॉक्टर सांगत होते, आता उशीर नको, मोतीबिंदू पिकत चाललाय. एकदा जिन्याची पायरी चुकली, थोडक्यात वाचले. मामींनी मला फोन केला. "आवं जावईबापू, तुमी तरी काय ते ठरवा. कॅमेरा हुईस्तवर ह्यांचा डोळा जायचा." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी हाताला लागले ते दोन कॅमेरे, तीन थरांचा आणि काळा-पांढरा, पिशवीत टाकून सांगली गाठली.

मामांनी मला गच्चीवर उन्हात नेलं आणि घडी करून ठेवलेली एक साडी बाहेर काढली. मामींच्या हळदीच्या दिवशीची. "ह्यो पिवळा," ते म्हणाले, "आमच्या धंद्यातबी पुन्हा बघितला न्हाई. ह्यो डोळा हाय तवर तेवढा धरून ठिवा." आणि ते साडीकडे बघत राहिले, डाव्या, नव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून. मी बघितलं तर साडी जवळजवळ पांढरी होती. पिवळ्याची आठवण राहिली असेल तर काठाशी. मी तीन थरांच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. मामांनी उजव्या डोळ्यानं पडदा बघितला, साडी बघितली आणि माझा हात धरला. "ह्योच! बरोबर ह्योच!" मोतीबिंदूच्या त्या डोळ्याला सगळ्यावरच पिवळी झाक दिसायची, म्हणून साडी आणि फोटो दोन्ही सारखेच पिवळे होते. मी कसाबसा हो म्हणालो.

खाली स्वयंपाकघरात मामींनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "कवाच पांढरी झाली ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दरसाल लग्नाच्या वाढदिवसाला म्हणायचे, पिवळी नेस. मी नेसायची. बायका बोलायच्या, सवाष्णीनं पांढरं काय नेसायचं? पण ह्यांना पिवळी दिसत हुती नव्हं." त्यांनी पोळी उलटली. मला त्या माउलीच्या पाया पडावंसं वाटलं. जावई असल्यामुळे पडलो नाही.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी मामांनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा साडी त्यांच्या मांडीवर होती आणि शेजारी मी पाठवलेला फोटो. कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते आता दोन्ही डोळ्यांनी बघत होते. फोटो बाजूला ठेवून म्हणाले, "कॅमेरा खरा निघाला." मग आत बघून हाक मारली, "आवं, इतकी वर्सं नेसत हुता, बोलला का न्हाई?" ते मामींना पहिल्यांदाच आवं म्हणाले असावेत. आतून उत्तर आलं, "तुमी कवा इचारलं?"

मामांनी माझ्या पिशवीतला तो रंग न दिसणारा कॅमेरा मागितला. मामींना साडी नेसायला लावली, गच्चीवर हळकुंडांच्या वाळवणाशेजारी उभं केलं आणि फोटो स्वतः काढला. मान वाकडी करून, श्वास रोखून. मामी लाजून पदराशी चाळा करत होत्या, तेवढं त्यात नेमकं आलंय. कॅमेरा मामांनी ठेवून घेतला.

तो फोटो आता अडतीच्या दुकानात गादीच्या वर लावलाय. सौद्याला आलेला एखादा शेतकरी मामांना सहज विचारतो, "तात्या, साडी कसल्या रंगाची वं?" मामा खिशातून हळकुंड काढतात, मोडतात आणि फोटोच्या काचेशेजारी धरतात. "अशी." हल्ली एकानं त्यांचं भागत नाही. दुसरं मोडतात, तिसरं मोडतात, उजेडाकडे धरून परत ठेवून देतात. मुलगा माल वाया जातो म्हणून कुरकुरतो. मामा पोत्यात हात घालून पुढचं शोधत असतात.