अंगणातल्या तारेवरची चादर

लग्नाआधी मी पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. फुलं म्हणजे रोज दाराच्या कडीला अडकवलेली देवाची पुडी, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. लग्न करून मखमलाबादला आले ती थेट झेंडू-गुलाबाच्या मळ्यात. मैत्रिणी म्हणायच्या, "काय नशीब काढलंस, फुलांत लोळतेस!" लोळायला वेळ कुणाला होता? पहाटे उठून खुडा, निवडा, ओल्या चादरीत गाठोडी बांधा, टेम्पो फूलबाजाराकडे गेला की भाकऱ्या थापा.

त्यात माझं डोकं जरा तापटच. एकदा शेजारच्या शेळीला मी इतकं बोलले, की ती खाल्लेली पानं तोंडातून टाकून पळाली. नवरा म्हणाला, "तू तो फॅब्रिक पेंटिंगचा क्लास लावच. तुझ्या डोक्याला आराम आणि आमच्या कानांनाही."

नव्वदच्या दशकात नाशकात गल्लोगल्ली हे क्लास होते. बायका साड्या रंगवत, उशांचे अभ्रे रंगवत, टीव्हीची कव्हरंसुद्धा सोडत नसत. मॅडम सांगायच्या, "फूल रंगवताना मनात दुसरं काही आणू नका." मला ते फारच आवडलं. ब्रश पाकळीवर टेकला की पाणी आलं का, पीठ संपलं का, सगळं पुसलं जायचं. मी खरोखर सुखी व्हायचे. हे सुख एका वेळी जेमतेम दोन पाकळ्या टिकायचं, कारण तेवढ्यात आत्यांची हाक यायची. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे.

आत्यांना माझं खूळ कळेना. "दिवसभर फुलं खुडून कंबर मोडती, आन् ही बया बसल्या बसल्या आनखी फुलं वाढवती!" मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझा पहिला निळा गुलाब चष्मा वर-खाली करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "याच्यावर कोणती फवारणी मारली?" फुललेला गुलाब काढला तर म्हणाले, "लय उमललाय. बाजारात कोनी हात लावायचं नाय." मग मी कळ्या रंगवल्या. तर पानांवर कीड कशी नाही म्हणून शंका.

तरीही हट्टाने मी एक पांढरी डबलबेडची चादर घेतली. मधोमध गुलाबांचा ताटवा, कडेने वेल. तीन महिने पाकळी-पाकळी करून रंगवली. दसऱ्याला ती माझ्या पलंगावर पडणार होती. नवऱ्याला पाय धुतल्याशिवाय पलंगावर चढायची बंदी जाहीर झाली. त्या घरात माझं म्हणावं असं काही असेल, तर ती चादर होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंग वाळायला मी ती बाहेर टाकली. आमच्याकडे नियम साधा होता: गच्चीवर वाळते ती माणसांची चादर, अंगणातल्या तारेवर वाळते ती फुलांची. पण गच्चीवर कबुतरं फार. तीन महिन्यांच्या मेहनतीवर कबुतराचा शिक्का नको, म्हणून मी शहाणीने ती अंगणात टाकली आणि झेंडू खुडायला मळ्यात गेले.

परत आले तर तार मोकळी. टेम्पोही गेलेला.

मामांनी नियमाप्रमाणे चादर ओढली, बादलीत बुचकळली, तिच्यात झेंडू भरला आणि गाठ मारली. माझे गुलाब झेंडूला गुंडाळून बाजारात गेले होते. मी आधी ओरडले, मग रडले, मग पुन्हा ओरडले. त्या दिवशी शेळी आमच्या बांधाकडे फिरकली नाही.

संध्याकाळी मामा परतले. चादर चुरगळलेली, झेंडूच्या पिवळ्या डागांनी माखलेली. कोपऱ्यात कुणाच्या तरी चपलेचा ठसा. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक बाई लय मागं लागली व्हती. झेंडू नको म्हने, चादर द्या."

"मग द्यायची होती! झाली की तिची गोणी!"

"नाय दिली. म्हनलं, ही विकायची नाय, आमच्या सुनेची हे."

मी दिवसभर भांडण पाठ केलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले, "बांधायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं ना, मामा." ते बिचारे मान खाली घालून पाय धुवायला गेले.

दसऱ्याला दुपारपर्यंत झेंडू संपला, मळा शांत झाला. मी रुसून बसले होते. आत्यांनी ती चादर आणून माझ्यासमोर पसरली, शेजारी रंगाच्या बाटल्या ठेवल्या. "डाग हायेत तिथं फुलं काढ. झेंडूच काढ, रंग वाचंल. भाकरी मी टाकते."

मी चपलेच्या ठशावर पान रंगवायला घेतलं. आतून हाका सुरूच. तिखट कुठंय, परात कुठं ठेवली. मग हाका थांबल्या. वर पाहिलं तर पिठाच्या हातांनी आत्या शेजारी येऊन बसल्या होत्या आणि पान कसं भरतं ते तोंड उघडं ठेवून बघत होत्या. मीही रंगवत राहिले.

चुलीकडून करपल्याचा वास आला. मी सवयीने ब्रश खाली ठेवला.

आत्यांनी माझं मनगट धरलं. "करपू दे," म्हणाल्या, "आधी हे पान पुरं कर."