आंबागड राहिला, घसा पाहिला

नागपूरहून एसटी सुटली तेव्हा मी आंबागडचा किल्ला पाहायला निघाले होते. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत राहणारी सोनाली भंडारा जिल्ह्यातली. "आमच्याकडे ये, किल्ला दाखवते," असं ती पहिल्या वर्षापासून म्हणत होती. मी जालन्याकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे नुसतं बघायला म्हणून कुठं जाणं घरच्यांना समजत नाही. "किल्ल्यात काय ठेवलंय?" असं आईनं फोनवर विचारलं. तरी निघाले.

भंडारा मागे पडलं आणि खिडकीबाहेरचं सगळं बदललं. मोहाडीच्या पुढे तर दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (धानाची खाचरं), कडेला धानाचे पुंजणे (पेंढ्यांच्या रचलेल्या गंज्या), आणि ओल असेल तिथं लाखोळीचा (धानानंतर घेतलेल्या कडधान्याचा) हिरवा पोपटी गालिचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर टँकर. इथं गावागणिक तलाव, शिवाय मध्येमध्ये बोड्या (लहान तळी). मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं.

सोनालीचं गाव आंधळगावच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला (बांधाला) लागून. तिचे वडील नत्थूकाका मासेमारी करतात. ते अंगणात जाळं पसरत होते. मला पाहून हसले, हातानं 'बस' म्हणाले, पण तोंडातून शब्द नाही. अनोळखी मुलीपुढे लाजत असतील असं मला वाटलं.

दुपारी तलावावर गेलो. मोठं जाळं ओढायचं होतं. एक टोक डावीकडच्या माणसांच्या हातात, एक उजवीकडच्या, आणि मधे छातीभर पाण्यात उभा राहून आवाज देणारा एक. कुणी भराभर ओढायचं, कुणी थांबायचं, ते तो सांगतो. हे काम वर्षानुवर्षं काकांचं. पण त्या दिवशी ते ओरडायच्या ऐवजी डोक्यावरचा दुपट्टा हलवत होते.

"काहून गा नत्थ्या, ट्रॅफिक पोलीस झाला का?" पाळीवरून एकजण ओरडला. सगळे हसले.

मग डावी बाजू ढिली पडली. काकांनी दुपट्टा टाकून ओरडायचा प्रयत्न केला. फुटक्या पिपाणीसारखी नुसती हवा आली. खाली वाकलेल्या माणसांना दुपट्टा दिसला नाही, आवाज ऐकू गेला नाही. जाळं त्या बाजूनं वर उचललं गेलं आणि चांगले मोठे मासे आमच्या डोळ्यांदेखत निसटले.

कुणी शिवी दिली नाही. पण एक म्हातारे पाय धुता धुता म्हणाले, "पुढच्या खेपेले दुसरा आवाज पाहा लागते बाप्पा." काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि जाळ्यातलं शेवाळ निवडत बसले.

परत येताना सोनालीनं सांगितलं. दिवाळीपासून आवाज असा आहे. काका खर्रा (तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण) खातात. गावातल्या एकाला असाच आवाज बसल्यावर कॅन्सर निघाला होता. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की ते उठून तलावावर जातात.

संध्याकाळी काकूंनी ताट वाढलं. भात, मासोळीचा लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग. वास असा की तोंडाला पाणी सुटावं. मी थोडासाच रस्सा घेतला.

"काहून, मासोळी आवडत नाही का तुले?" काकू म्हणाल्या.

"आवडते काकू. पण माझ्या घशाला तिखट-तेलकट चालत नाही."

मग मला सांगावंच लागलं. परीक्षेच्या दिवसांत मी सारखी खाकरत असायची. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, गिळलं तरी जायचं नाही. सकाळी आवाज घोगरा. छातीत जळजळ मात्र कधीच नाही. शेवटी घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतंय. अन्ननलिकेला झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की असं होतं. पोट आम्ल सहन करतं, घसा नाजूक, त्याला थोडंसंही पुरतं.

नत्थूकाका जेवायचे थांबले. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, घोगऱ्या, तुटक आवाजात. "म्हणजे तलावाचं दार ढिलं झालं, का पाणी नको त्या बांधीत जाते, तसं?"

"हो काका, तसंच."

"मलेबी घशात अडकते. मलेबी सकाळीच जास्त." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आयकलं का वो? मले आम्लच आहे! मंग कायले जायचं दवाखान्यात?"

मी गारच पडले. सोनाली माझ्याकडे बघत राहिली. मी जे कळावं म्हणून सांगितलं, तेच काकांनी न जाण्याचं कारण करून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर 'हो, तेच असेल' म्हणावंसं मलाही वाटलं. त्यांना किती बरं वाटलं असतं!

"काका," मी चाचरत म्हटलं, "मला आहे म्हणून तुम्हालाही तेच, असं नाही सांगता येत. माझ्या घशात नळी घालून पाहिलं, तेव्हा कळलं. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला तर पाहूनच घ्यावं लागतं. खर्रा असेल तर जास्तच."

"मले वाटते न आतून, का तेच हाय."

भात वाढणाऱ्या काकूंनी पळी खाली ठेवली. "पाणी हाललं तं मासा हाय का कासव, हे जाळं काढल्याबिगर सांगत नाही तुमी. मंग आपल्या गळ्यातलं बरं दिसते तुमाले वरून!"

सकाळी धुतलेला सदरा घालून काका आमच्या आधी बसथांब्यावर उभे होते. आंबागडकडे जाणारी गाडी समोरून गेली. आम्ही भंडाऱ्याच्या गाडीत बसलो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. आत जाण्याआधी काकांनी मला विचारलं, "दुखते का वो?"

"दुखत नाही. नाकात गुदगुल्या होतात, डोळ्यांत पाणी येतं. नाकानं श्वास घेत राहा."

बारीक नळी नाकातून आत गेली आणि समोरच्या पडद्यावर काकांचा घसा दिसू लागला. काकूंनी पदर तोंडाशी धरला. गुलाबी, ओली, हलणारी ती जागा पाहून मला भीती विसरून नवल वाटलं. आवाज काढणाऱ्या या एवढ्याशा दोन पट्ट्यांच्या जिवावर अख्खं जाळं ओढलं जात होतं.

"गाठ काही दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागची बाजू सुजून लाल झालीय. आम्लाचं लक्षण दिसतंय. त्यात ओरडणं आणि खर्रा. औषध देते, पण खर्रा बंद. तो नुसत्या आम्लासाठी नाही, सगळ्यासाठीच बंद. रात्री किती वाजता जेवता?"

"तलावावून आले का जेवतेत, अन् लगेच पडतेत," काकूंनी सांगून टाकलं. "वरून मी हळदीचं दूध देतो गरम, घशासाठी."

डॉक्टरबाई हसल्या. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, झोपताना दूधही नको. चहा कमी. पोट तट्ट भरायचं नाही. खाटेची डोक्याकडची बाजू विटांनी उचलायची. नुसत्या उशा रचल्या तर पोटच दुमडतं. थोडे दिवस शक्यतो बोलायचंच नाही; ओरडायचं तर नाहीच, कुजबुजायचंही नाही, त्यानंही घशाला ताण येतो. फरक पडायला महिने लागतील. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, आणि गिळायला त्रास झाला, रक्त पडलं किंवा मानेला गाठ लागली तर लगेच.

"मासोळी चालते का?" काकांचा एकच प्रश्न.

"चालते. रस्सा लाल नको."

"मंग जगलो," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी सोनालीनं आणि मी खाटेखाली विटा लावल्या. सकाळी काका डोकं धरून अंगणात बसलेले. घसा कालच्यापेक्षा जास्त धरला होता. आम्ही घाबरून खाट पाहायला गेलो. विटा होत्या तिथंच, पण उशी दुसऱ्या टोकाला. आम्ही डोकं उत्तरेला केलं होतं! उत्तरेला डोकं करून कोण झोपतं? काकूंनी रात्री नवऱ्याला फिरवून दक्षिणेला डोकं करायला लावलं होतं, विटांचा विचार न करता. काका पाय वर आणि डोकं खाली करून झोपले होते.

"तरीच म्हटलं, घसरून कायले राहिलो मी!" काका म्हणाले आणि सोनालीनं त्यांना बोलल्याबद्दल दटावलं. विटा दक्षिणेला गेल्या.

मी निघाले त्या दिवशी काका-काकू थांब्यापर्यंत आले. तिथं पाळीवरून ओरडणारा तोच टवाळ भेटला. "काहून गा नत्थ्या, अजून आवाज नाही आला का?"

काकांनी तोंड उघडलं, आठवलं, मिटलं, आणि हसत गळ्याकडे बोट दाखवलं.

"डॉक्टरीनबाईनं बोलू नोका म्हटलं," काकू म्हणाल्या. "लगन झाल्यापासून पहिल्यांदा घर शांत हाय माह्यं. तू नोको चेतवू त्याईले."

गाडी हलली. आवाज परत येईल का, काकांची पाण्यातली जागा त्यांना मिळेल का, हे मला माहीत नाही. दोन महिन्यांनी सोनाली सांगेल. किल्ल्याचं आई विचारेल, तर पाहिला नाही म्हणूनच सांगावं लागेल. पण मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हाही काका गप्प होते आणि निघाले तेव्हाही गप्पच होते. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसलं असतं. आधीचं गप्प राहणं भीतीचं होतं. आताचं बरं होण्यासाठी होतं.