सारवलेल्या भिंती

काल शेजाऱ्यांनी पूजेसाठी अंगण सारवलं आणि त्या ओल्या शेणाच्या वासानं मला थेट पांझरेकाठच्या एका गावात नेलं.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. मी धुळ्याला हिवताप खात्यात अधिकारी होतो. आमची माणसं घरोघर भिंतींवर डीडीटी फवारून, साहेब पाहणीला येतील असं सांगून पुढे गेली होती. मी पोचलो, तर तिथल्या यमुनाअक्काचा मुलगा नुकताच तापानं गेलेला.

“तुम्ही येनार म्हनीसन बठ्ठं घर सारवं व्हतं, साहेब,” ती म्हणाली. घरातल्या सगळ्या भिंतींवर तिच्या बोटांच्या सुरेख कमानी उमटल्या होत्या. डास मारणारं औषध त्या शेणामातीखाली गाडलं गेलं होतं.

“औषध मारं, तरी मना पोऱ्या कसा गया?”

“औषधच हलकं निघालं, अक्का.”

तिनं डोळे पुसले आणि सरकारला एक सणसणीत शिवी हासडली. मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी, फवारणीनंतर भिंती सारवू नका, त्यानं औषध झाकलं जातं, अशी दवंडी गावोगाव द्यावी लागली. हुकमावर सही माझीच होती. ती दवंडी तिच्याही दारावरून गेली असणार.