तळ्याची उलटी फेरी

आमच्या घरात सायकलीवरून जे रण माजलं त्याला कारण केळीची पानं. कुंभकोणमच्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर एक हातगाडी उभी असते, तिच्यावर पानांच्या गुंडाळ्या रचलेल्या. निदान तीस वर्षं मी ती तिथेच पाहतो आहे. त्या दिवशी ती मला दिसली नाही, कारण ती माझ्या उजवीकडे होती, आणि माझा उजवा डोळा काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वीच नेला होता. मी गाडीवर आदळलो, पानं रस्ताभर पसरली, आणि वर मीच पानवाल्याला सुनावलं की गाडी अशी वाटेत काय लावतोस. त्या भल्या माणसानं मला उठवलं, सायकल उठवली, आम्हा दोघांना घरी पोचवलं आणि माझ्या बायकोला सगळी हकीकत तपशीलवार सांगून मगच तो गेला.

बायकोनं उभ्या उभ्या निकाल दिला. सायकल घरातून जाणार. देवळात फुलं पोचवणाऱ्या माणसाची सायकल मोडली होती, त्याला द्यायची. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला नको. मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. तिनं तिकडे लक्षही दिलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीची आमटी केली नाही.

ती सायकल म्हणजे माझं अर्धं आयुष्य होतं. माझं भांड्यांचं दुकान. पितळेच्या समया, घंटा, तांब्याच्या कळशा मागच्या कॅरिअरला गोणपाटात बांधून मी चोळपुरम् आणि तिरुप्पनंदाळपर्यंत न्यायचो, उन्हातान्हात, आणि एकाही समईला कधी पोचा आला नाही. दुकानात मी तमिळ बोलतो, घरात मराठी, आणि शनिवारी भजनमठात विठोबासमोर गातो. आमची माणसं मराठ्यांच्या राज्यात इकडे आली आणि इथलीच झाली. पुण्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले होते की तुम्ही बोलता ते जुनं दस्तऐवज वाचल्यासारखं वाटतं. त्यांना ते हसू येण्यासारखं वाटलं असेल. मला मात्र अभिमान वाटला आणि तो मी तोंडावर दाखवलाही.

तोड काढली ती माझ्या लेकीनं. ती आमच्या शेजारच्या गल्लीत राहते आणि शाळेत गणित शिकवते. लहानपणापासून तिला भांडण आवडत नाही, तिला अटी ठरवायला आवडतात. तिनं आईला आणि मला समोरासमोर बसवलं आणि आपला प्रस्ताव मांडला. कोळ्ळिडम नदीपलीकडे चोळांनी बांधलेलं मोठं तळं आहे. तळ्याभोवती मुरमाची वाट आहे, बांधाच्या दोन्ही टोकांना दगडी खांब रोवलेले, त्यामुळे मोटार नाही, बस नाही, हातगाडीसुद्धा नाही. तिथे अप्पांनी, म्हणजे मी, एक पुरी फेरी मारायची. कुणी धरायचं नाही. जमलं तर सायकल राहील आणि दर रविवारी ती स्वतः मला तिथे नेईल. जमलं नाही तर सायकल फुलवाल्याची, आणि मी त्यावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही.

मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, हरण्याचा प्रश्नच कुठे येतो.

रविवारी पहाटे शेजाऱ्याच्या टेम्पोत माझी आणि लेकीची अशा दोन्ही सायकली आडव्या घातल्या आणि आम्ही निघालो. शेजारी स्वतःच गाडी चालवत होता. चोळपुरम् गेलं, तिरुप्पनंदाळ गेलं, नदीवरच्या जुन्या पुलावर गाडी हळू झाली. वाटेत मी दोघांना तळ्याची गोष्ट सांगत होतो. इथला राजा थेट गंगेपर्यंत जिंकत गेला, हरलेल्या राजांच्या डोक्यावर गंगेच्या घागरी देऊन इथवर आणल्या आणि ते पाणी या तळ्यात ओतलं. जिंकल्यावर लोक खांब उभारतात, यानं पाणी साठवलं. पलीकडे त्याचं देऊळ उभं आहे, राजवाड्याच्या आता नुसत्या विटा उरल्या आहेत. शेजाऱ्यानं ही गोष्ट माझ्याकडून आधीही ऐकलेली असावी, कारण तो मधे मधे माझ्याआधीच मान हलवत होता.

बांधाच्या टोकाशी उतरलो आणि तिथेच आमचं वाजलं. लेकीनं सायकलचं तोंड बांधाकडे फिरवायला लावलं.

"अप्पा, उलटें जाऊं," ती म्हणाली. "तळें डावे हाताकडे राहील. त्या डोळ्यास तुम्हांस दिसतें."

"गंगेचें पाणी आहे त्यांत," मी म्हटलं. "गंगेस कोणी उलटें फिरतो? आम्ही देवळांत कधीं उलटे फिरलों नाहीं."

तिनं समजावून पाहिलं. उजवी फेरी घातली तर पाणी सगळा वेळ आंधळ्या बाजूला राहणार, आणि बांधाला कठडा नाही. मी ऐकलं नाही. आम्ही देवाला, तुळशीला, पिंपळाला उजवं घालणारी माणसं, आणि आयुष्यातल्या इतक्या मोठ्या पैजेला मी डावीकडून सुरुवात करू? माझं डोकं फिरलं की मी देवाचं नाव पुढे करतो, हे माझ्या बायकोचं मत आहे. त्या दिवशी ते थोडं खरं होतं. लेक सायकलवर बसली.

अशी फेरी घालताना आधी शेताकडची वाट लागते आणि बांध शेवटी येतो. लेक पुढे, मी मागे. डाव्या डोळ्यानं मला समोरचा एक गोल तुकडा दिसतो, बाकी धुकं. पण पाचच मिनिटांत मला कळलं की इथे डोळ्यांचं फारसं कामच नाही. चाकाखाली मुरूम कर्रकर्र वाजत होता तोवर मी वाटेवर होतो. आवाज बसका झाला की जुन्या बैलगाड्यांच्या चाकोरीत, खडे उडायला लागले की दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर, आणि आवाज गेला की गवतावर, म्हणजे कडेला. गावातल्या डांबरी रस्त्यानं मला हे कधी सांगितलं नव्हतं. शिवाय लेक पुढे गात होती. भजनात असतं तसं ती नामावळीची एक ओळ म्हणायची आणि थांबायची, मग मी ती ओळ उचलायची. तिच्या आवाजाच्या रोखानं मी हँडल धरत होतो.

शेताकडची बाजू मी एकदाही पाय न टेकता काढली. ताडाच्या पानांची सळसळ ऐकली, पाणकोंबड्या ओरडताना ऐकल्या, एका पंपाच्या पाण्याचा गारवा तोंडावर घेतला. सत्तरी ओलांडलेला, एका डोळ्याचा माणूस राजाच्या तळ्याला फेरी घालतो आहे, हे कुणीतरी पाहायला हवं होतं असं मला फार वाटत होतं.

मग बांध आला आणि माझ्यातला भजनी बुवा जागा झाला.

वर वारा होता. लेकीनं विठ्ठलाच्या नावाची ओळ लावली, सुरेख लावली, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे थांबली. आता हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. पण ज्यानं वर्षानुवर्षं मठात पुढे बसून भजन चालवलं आहे, त्याच्या हातात ओळ आली की ती तो सरळ परत करू शकत नाही. मी ती वर नेली, फिरवली, तिला एक हेलकावा दिला, आणि गाताना मिटायचे तसे डोळे मिटले. ती बिचारी माझी ओळ संपायची वाट पाहत गप्प. मी माझ्याच आवाजात बुडालेला. मुरूम कधी वाजायचा थांबला ते मला कळलंच नाही.

चाक गवतावरून घसरलं आणि मी उजवीकडे गेलो. बांधाच्या उतरणीला दगड बसवलेले आहेत, त्यांवरून घसरत खाली आलो आणि एका बाभळीत अडकलो. एक पाय पाण्यात होता. कोपर सोललं होतं, धोतराची वाट लागली होती. लेक धावत उतरली, पण मला हात लावण्याआधी थांबली. अटीत कुणी धरायचं नाही असं ठरलं होतं, आणि ती माझीच लेक. मी दगडांना धरत स्वतः वर आलो. सायकल तेवढी तिनं ओढून आणली.

"सांगितलं होतं" असं म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. तिनं माझं कोपर आपल्या बाटलीतल्या पाण्यानं धुतलं, रुमाल बांधला आणि विचारलं, पुढे जायचं का. मी म्हटलं, जायचं. मग ती म्हणाली की आता ती पुढे राहणार नाही, बाजूनं चालवेल. माझ्या उजवीकडे तिच्या सायकलच्या साखळीचा आवाज सुरू झाला. या वेळी ती ओळी म्हणून थांबत नव्हती, सलग गात होती, आणि मला गायची मनाई होती.

तसा आम्ही बांध काढला. मी खडखडीत मुरमावर, सरळ रेषेत, एकदाही न डगमगता. मला इतका आनंद झाला होता की कोपर दुखतंय हेही विसरलो. टोकाला दगडी खांब लागले, मी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं की पाहा, झाली की नाही पुरी.

शेजारी आला, पण त्यानं माझं कौतुक केलं नाही. तो लेकीकडे वळला आणि तमिळमध्ये म्हणाला, "ताई, तुम्ही अख्ख्या बांधावर काठानं आलात. तुमच्या चाकाला वीतभर जागा नव्हती. माझ्यानं पाहवेना."

मला आधी समजलं नाही. मग मी खाली वाकून, डोळा जमिनीजवळ नेऊन पाहिलं. मुरमाची वाट माझ्या चाकाशीच संपत होती. तिच्या बाजूला गवताची एक पट्टी होती आणि तिच्यापुढे दगडांची उतरण. लेक माझ्या आणि पाण्याच्या मधे राहून, तेवढ्या पट्टीवरून, गात आली होती. माझ्या चाकाचा जरा तोल गेला असता तर तीच आधी खाली गेली असती.

आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा अभिमान वाटला आहे, त्यांतल्या निम्म्या फुकटच्या. हा अभिमान तसा नव्हता. तो आला तेव्हा मला आधी लाजच वाटली. तिथे उन्हात उभा राहून मी रडलो, आणि शेजारी टेम्पोचं टायर तपासायला लागला.

मी तिला सांगितलं की पैज मी हरलो. धरायचं नाही ही अट होती आणि तिनं मला सगळा बांधभर धरलं होतं. सायकल फुलवाल्याला देऊन टाकू.

"हात लाविला नाहीं मी," ती म्हणाली. "अप्पा, मज सायकल नको नि पैजही नको. एक वेळ माझें ऐका, इतकेंच."

घरी बायकोनं कोपर पाहिलं, धोतर पाहिलं, आणि फेरी झाली का म्हणून लेकीला विचारलं. लेक काही बोलायच्या आत मीच सगळं सांगितलं, उतरणीसकट आणि वीतभर पट्टीसकट. बायको लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेली, आणि त्या दिवशी पानात माझ्या आवडीची आमटी पडली. सायकल पुढल्या रविवारपर्यंत ठेवायची, असं ती आतूनच म्हणाली.

पुढल्या रविवारी बांधाच्या टोकाशी उतरल्यावर मी स्वतः सायकलचं तोंड बांधाकडे वळवलं. विठोबाची मनात क्षमा मागितली. तो आमच्याबरोबर एवढ्या लांब येऊन राहिला, त्याला एवढं चालेल असं मला वाटलं. आता बांध आधी लागला, तळं डाव्या हाताला आलं, आणि लेकही आपसूक डावीकडे आली, पाण्याच्या बाजूला. यावेळी तिला भरपूर जागा सोडून मी पलीकडच्या चाकोरीत राहिलो.

डोळा गेल्यापासून ती माझ्या उजवीकडूनच चालत आली आहे, बाजारात, देवळात, दवाखान्यात, कारण तिकडून मला आधार लागतो. घरी येते ती दिवेलागणीला. मागच्या रविवारी तिनं डोक्याला ओढणी गुंडाळली होती. दोन वर्षांत उन्हात, उघड्या डोक्यानं, चांगल्या डोळ्यासमोर ती आली ती त्या दिवशी. वाऱ्यानं तिचे केस उडत होते आणि ते कानापासून मागेपर्यंत पांढरे झालेले होते. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं ओळ म्हटली आणि माझ्यासाठी थांबली. मी ती उचलली नाही. तिला वाटलं मी मुरूम ऐकतोय.